काकूंची सुरी

प्रिय संज्या,

तुझा मेसेज आला, आईनं ती सुरी एकदाही वापरली नाही, कपाटात देवाच्या भांड्यांशेजारी ठेवलीय, आणि खाली तो हसणारा स्मायली. तू हसलास रे, माझी रात्रीची झोप गेली. दोन दिवस तुझ्यावर रागावलो, मग काकूंवर, आणि राग गेल्यावर कळलं की चूक आपलीच. म्हणून हे लांबलचक पत्र, पार्सलसोबत. कुरिअरवाल्यानं 'सुरी' ऐकल्यावर परत हात वर केले, म्हणून भावाबरोबर पाठवतोय. घरगुती आणि शेतीच्या हत्याराला लायसन लागत नाही, शस्त्र कायद्यातली ती नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची भानगड वेगळ्या सुऱ्यांना आहे, हे त्याला मी तोंडपाठ म्हणून दाखवलं, पण काउंटरवर कायदा कोण ऐकतो.

दिवाळीला ती पहिली पाठवली तेव्हा माझी फुशारकी आठवते ना? आठ इंची पातं, ग्युतो म्हणजे जपानी शेफच्या सुरीसारखा घाट, शिसवीची मूठ, पितळेच्या पिना, आणि फोटोला पडलेले लाईक. तुला सांगितलं नव्हतं, पण त्याच पट्टीतून काढलेल्या दुसऱ्या, जरा जाड पात्यावर मी परीक्षा पण घेतली होती. अमेरिकेत बिल मोरान म्हणून एक लोहार होता, त्यानं १९७६ साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली, तिची परीक्षा अशी की लोंबकळणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाची जाड पट्टी दोनदा आरपार तोडायची, आणि त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशात वाकवायचं, दोन तुकडे झाले की नापास. मी गोठ्यामागे एकट्यानं केलं सगळं. दोर तुटला, केस निघाले, वाकवताना धारेला जराशी चीर गेली पण पातं राहिलं. मी खूश. आणि काकूंना निवडायची होती गवार.

तू म्हणालास ना, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसता येत नाही म्हणून विळी बंद झाली, ओट्याशी उभं राहून काप म्हटलं तर चिडते. मला वाटलं होतं विळीच्या जागी सुरी दिली की झालं. पण विळीवर पातं पायाखाली दाबलेलं असतं, ते जागचं हलत नाही, भाजी दोन्ही हातांनी त्याच्यावर ढकलायची. सुरीला सगळं उलटं, भाजी जागेवर आणि पातं फिरतं. पन्नास वर्षं एका पद्धतीनं चाललेल्या हातांना मी आठ इंची ग्युतो दिली आणि वर बोर्डावर कसं कापायचं याचा व्हिडिओ पाठवला. केवढा शहाणपणा!

इथे आमच्या तात्या लोहारांकडे बसलो होतो तेव्हा हा विषय निघाला. त्यांचा पूर्वीपासून मुख्य धंदा कोयत्यांचा. बीडकडनं टोळ्या येतात ना ऊसतोडीला, दिवाळीच्या आसपास, तेव्हा तात्यांच्या भट्टीला उसंत नसते. (मुकादम नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतो, उचल पण कोयत्यावरच देतो. माणसाचं नाव हत्यारावरनं, मला ते ऐकून कसंतरीच होतं, तात्यांना नाही होत, त्यांनी सगळं आयुष्य ऐकलंय.) तर कुणी नवा कोयता मागायला आला की तात्या आधी म्हणतात, जुना आण. जुना हातात घेऊन धार कुठं झिजलीय, मूठ कुठल्या बाजूला काळी झालीय ते बघतात, आणि मगच ऐरणीवर पट्टी ठेवतात. मी दीड वर्ष त्यांच्याकडे बसलो, भाता मारला, घण मारला, हे शंभरदा पाहिलं, पण शिकलो नव्हतो, नुसतं पाहिलं होतं.

म्हणून तर तुझ्याकडनं विळी मागवली, आणि काकू फोनवर भाजी चिरताना दाखव म्हणालो. तुला वाटलं असेल हा येडा झाला. विळी हातात घेतली आणि पहिल्यांदा नीट बघितली. पातं मधेच दोन-अडीच इंचात खोल झिजलंय, बाकी सगळं जवळजवळ नव्यासारखं. म्हणजे काकूंना एवढीच धार लागते! आणि व्हिडिओत दिसलं की आता त्या बोर्ड घेतच नाहीत, ती प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी घेऊन बटाटा हातातच धरून अंगठ्याकडे ओढून कापतात. आपल्या कितीतरी बायका अशाच कापतात, आणि आम्ही सुऱ्या बनवणारे सगळे बोर्डासाठी बनवतो.

आधी वाटलं त्या विळीच्याच पात्याची सुरी करावी, काय फोटो आला असता. कोपरा ग्राइंडरला लावला तर लांब लांब सरळ ठिणग्या, फुलबाजी फुटतच नाही. म्हणजे कार्बन नाहीच्या बरोबर, तुला काय सांगायचं. कितीही तापवून बुडवलं तरी ते कडक होणार नव्हतं, काकूंनी वर्षानुवर्षं मऊ लोखंडच घासून घासून चालवलं. मग भंगारातनं ट्रकचा कमानपाटा आणला. त्यातला पहिला तुकडा घडवला, घासला, तेलात बुडवला आणि 'टिंग'. आवाज आला की बघायचीही गरज नसते. जुन्या पाट्यात दमल्याच्या बारीक भेगा असतात, वरनं दिसत नाहीत, पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम बुडवताना, बोलतात. चार दिवसांचं काम गेलं. दुसरा तुकडा पाट्याच्या टोकाकडनं घेतला, तिथे वाकण्याचा ताण कमी, तो टिकला पण केळ्यासारखा वाकला. तिसरा हा.

आपण भोसरीला फर्नेसवर होतो तेव्हा डिजिटल आकडा बघायचा आणि चहाला जायचं, इथे तसं नाही. दिवस मावळल्यावर दिवे घालवून तापवतो म्हणजे रंग कळतो, लोहचुंबक लावत राहायचं, साधारण ७७० अंशाला तो चिकटायचा थांबतो, तिथून अजून थोडं वर चढू द्यायचं आणि कोमट करडईच्या तेलात सरळ खाली. हे तेल म्हणजे इकडे स्वस्त आणि वास बरा. तात्या हसतात माझ्या तेलाला. ते कोयत्याची नुसती धार पाण्यात बुडवतात, बाहेर काढून दगडावर घासतात, मग मागच्या जाड भागातली धग धारेकडे सरकते तसे रंग पळतात, पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा, आणि नेमक्या रंगाला परत पाण्यात. कोयत्याला निळ्याच्या जवळ लागतं, उसाच्या बुडख्यावर दगडमाती असते. सुरीला पिवळ्यावरच थांबायचं. माझी तेवढी नजर नाही अजून, म्हणून मी आपला आमच्या घरच्या ओटीजीत २०० अंशाला दोन-दोन तास दोनदा ठेवतो. हिनं आता बजावलंय की केकला तेलाचा वास आला तर मला आणि भट्टीला एकदमच बाहेर काढेन. तू तो तुकडा कंपनीत रॉकवेलवर, कडकपणा मोजायच्या मशीनवर, लावून ५८ सांगितलंस तेव्हा मी तात्यांना मोठ्या आवाजात सांगितलं, ते म्हणाले, अठ्ठावन्न काय? किलो? असो.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, तुझा तो मॅनेजर दमास्कस, म्हणजे नक्षीच्या पोलादाची सुरी, मागतोय त्याचं. करून देईन, पैसे घेईन, पण त्याला सांग की ती नक्षी म्हणजे दोन जातींचं पोलाद थरावर थर ठोकून जोडलेलं असतं आणि ॲसिडमध्ये बुडवून उठवलेलं असतं. जुनं दमास्कस ज्या वूट्झ पोलादाचं व्हायचं ते आपल्याच दक्षिणेकडनं जायचं, तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून, मुशीत वितळवलेलं, आणि त्याची नक्षी आतनंच यायची. विजेवाल्या फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञानं १८२० च्या सुमारास त्यावर प्रयोग केले होते. नक्षीनं कांदा बारीक चिरला जात नाही एवढं मॅनेजरला सांगू नकोस, गिऱ्हाईक जाईल.

तर काकूंची सुरी. पातं साडेचार इंच, पाठ दोन मिलीमीटरच्या आतबाहेर, धार जवळजवळ सरळ, टोक गोल केलंय. मुठीकडचा पहिला पाऊण इंच मुद्दाम बोथट ठेवलाय, अंगठा तिथे येतो. पाठ पण गोल घासलीय म्हणजे तर्जनी टेकवली तरी टोचणार नाही. मूठ मात्र बघ, ओळखतोस का? विळीचा पाट आहे तो, सावंतवाडीचा फणस. फोडायच्या आधी काकूंना फोन केला होता, त्या जरा गप्प झाल्या आणि म्हणाल्या, नीट काप, मधे खिळा आहे. खरंच होता. माझा करवतीचा पट्टा गेला असता! वरनं तेलकट काळा दिसायचा तो पाट, आतनं अजून पिवळाधमक निघाला, कोकमाचा डाग मात्र एका बाजूला अर्धा इंच आत गेलाय, तो ठेवला तसाच. मूठ नेहमीपेक्षा जाड केलीय, बोटं पूर्ण मिटत नाहीत म्हणालास ना.

साध्या पोलादाची आहे, कैरी-लिंबू कापलं की निळी-काळी पडणार. काकूंना यातलं काही शिकवायला जाऊ नकोस, विळी धुवून पुसून खोबरेल लावून ठेवायची सवय त्यांची आहेच. तूच सिंकमध्ये रात्रभर टाकू नकोस.

वापरल्यावर मूठ कुठे रुतते ते विचार आणि फोटो नको पाठवू, सुरीच पाठव महिन्यानं, कुठे काळी झालीय ते बघून कानस मारतो. आणि हो, विळीची खोवणी कापून मी एका क्लॅम्पवर बसवलीय, ओट्याच्या कडेला आवळायची म्हणजे उभ्यानं नारळ खोवता येईल. क्लॅम्प जुना आहे, जोर लावला की जरासा सरकतो, खाली रबराचा तुकडा घाल.

तुझा,
पम्या