आप्पा, गाडी नाही, शाफ्ट कापला

कुपवाड, सांगली
ऑक्टोबरअखेर

तीर्थरूप आप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं काही धड होत नाही. आप्पांना निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं ते मनाने भरतात आणि आई मधे पडून तिसरंच काहीतरी सांगते. परवा मी म्हणालो, "शाफ्ट कापायला दिलाय." आप्पांनी ऐकलं, गाडी कापायला दिली. त्या रात्री दोघांनाही झोप नाही, असं धाकट्याकडून कळलं. म्हणून पत्र लिहितोय. आई, तू मोठ्याने वाच. गॅरेजचे शब्द येतील, ते दिसतात तसे वाच, आप्पांना बरोबर कळतील.

आपला ट्रक भंगारात गेलेला नाही. नवा गिअर बॉक्स बसला, जॉइंट शाफ्ट बसला, माल भरून तासगाव रोडला ट्रायलही झाली. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत धाकट्याच्या ताब्यात देतो. आई, जॉइंट शाफ्ट म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरणं नेणारी लांब नळी. आपल्या गाडीत ती पुढचा आणि मागचा अशा दोन तुकड्यांत आहे आणि मधे तिला सेंटर बेअरिंग धरतं.

आता आप्पांच्या दोन तक्रारी. होता तो शाफ्ट का लावला नाही, ही पहिली. आणि बसतच नव्हता तर सेंटर बेअरिंग मागे सरकवून वेळ का मारून नेली नाही, ही दुसरी.

जुन्या बॉक्सच्या आतल्या काउंटर शाफ्टचं, म्हणजे दात्यांच्या दुसऱ्या दांड्याचं, बेअरिंग फुटलं आणि त्याने जाताना दातेही नेले, ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या सुट्या भागांची किंमत काढली तर त्यात थोडी भर घालून सहा गिअरचा आख्खा बॉक्स मिळत होता. अपघातात गेलेल्या गाडीचा, पण उघडून बघितला, तेल स्वच्छ, दाते शाबूत. तो घेतला. आता सहा गिअरचा बॉक्स पाच गिअरच्या जागी बसतो म्हणजे पुढे इंजिनकडच्या बेल हाऊसिंगला बसतो. मागच्या बाजूला तो फ्लँजपर्यंत, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीपर्यंत, ३ इंच लांब निघाला. म्हणजे पुढचा शाफ्ट ३ इंच जास्तीचा झाला. बरं, फ्लँजची चार भोकंसुद्धा जुळेनात.

भोकं कानशीने लांबवून बोल्ट घालणारे लोक आहेत. आमच्या ओळीतच एक गॅरेजवाला ठामपणे म्हणत होता, "काय होतंय त्याला." होतं असं, की शाफ्ट मधोमध धरतात ते बोल्ट नव्हेत. फ्लँजच्या तोंडावर गोल कडा असते, ती समोरच्या खाचेत घट्ट बसते आणि शाफ्टचा मध्य सांभाळते. बोल्ट फक्त आवळून धरतात. भोकं लांबवली आणि कडेची बसणी सैल राहिली तर शाफ्ट केसभर एका बाजूला बसतो आणि मग गाडी कुठल्या वेगाला थरथरायला लागेल याचा नेम नाही. त्यामुळे पुढच्या शाफ्टचं तोंड नव्या बॉक्सला जुळणारं घेतलं, क्रॉसचा, म्हणजे जॉइंटमधल्या अधिकाच्या आकाराच्या तुकड्याचा, साइज मात्र जुनाच राहील असं बघून.

सेंटर बेअरिंगचं म्हणाल, तर ते ज्या आडव्या पट्टीवर बसतं तो क्रॉस मेंबर ३ इंच मागे घेऊन चेसीला नवी भोकं मारणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण आप्पा, तुमच्याच गाडीचा मागचा शाफ्ट आठवा. त्याच्या पुढच्या टोकाला दातेरी स्लीव्ह आहे, ती आत-बाहेर सरकते. स्प्रिंगा दबल्या, उसळल्या की हाऊसिंग, म्हणजे मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल, वर-खाली होतं, थोडं मागेपुढेही होतं आणि ती घट-वाढ ही स्लीव्ह गिळते. बेअरिंग मागे आणलं की ते ३ इंच सगळे स्लीव्हच्या पोटात जाणार. तिला आत जायला जागाच मुळात तेवढी नव्हती. भरलेली गाडी उसाच्या फडातल्या खड्ड्यात आपटली असती, स्लीव्ह तळाला टेकली असती आणि तो दणका सरळ सेंटर बेअरिंगला, तिथून नव्या बॉक्सच्या मागच्या बेअरिंगला बसला असता. मग पुन्हा मी आणि पुन्हा तेच बेअरिंग. म्हणून पुढचाच शाफ्ट कापायचं ठरवलं.

माप घेताना गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवली नाही, चाकांवर उभी केली. घोड्यांवर हाऊसिंग लोंबतं आणि माप खोटं येतं. एकदा रिकामी आणि एकदा शेजारच्याची वाळूची पोती चढवून, अशी दोन्ही मापं घेतली. शाफ्ट खाली असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती थांबत नाही, हे तुम्ही आम्हाला लहानपणीच शिकवलंत. चारही बाजूंनी दगड लावल्याशिवाय गॅरेजातलं एकही पोरगं मी खाली घातलं नाही. आई, तुझ्यासाठी एवढं पुरे.

उघडायच्या आधी छिन्नीने खूण करायची ही तुमची शिस्त मी अजून मोडलेली नाही. मागच्या शाफ्टची स्लीव्ह काढताना दोन्हीकडे खूण केली, कारण ती एक दाता इकडेतिकडे बसली तरी दोन टोकांची क्रॉस धरणारी दोन तोंडं एका रेषेत राहत नाहीत. आयटीआयची पोरं शिकायला येतात, त्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं, फिरणारी नळी आहे, कशीही बसवा. मग मी त्यांना रॉबर्ट हुक सांगतो. या जॉइंटचं गणित मांडणाऱ्या जुन्या लोकांतला तो इंग्रज, जन्म १६३५ चा, म्हणजे आपल्या महाराजांपेक्षा ५ वर्षांनी धाकटा. त्याने हे १६७६ च्या सुमारास आकाश बघायच्या यंत्रांसाठी केलं, ट्रकसाठी नव्हे. पण गोष्ट तीच. क्रॉसमधून फिरणं कोनात वळवलं की पलीकडची बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळते, दोनदा मागे रेंगाळते. १० अंशांचा कोन असेल तर दीड टक्का जलद, दीड टक्का संथ. ऐकायला काहीच नाही. पण आपल्या हाऊसिंगच्या हिशोबाने गाडी ६० ला असताना शाफ्ट मिनिटाला १८०० फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला ३६०० धक्के. ते मोडायला दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात, आणि तोंडं एका रेषेत लागतात. तेव्हा पहिल्याने केलेली चूक दुसरा फेडतो. तुम्ही खूण करायचात ती याचसाठी, हुक तुम्हाला माहीत असो वा नसो.

कोनही बघितले. मोबाईलमधलं अँगल मीटर फ्लँजला टेकवलं की अंश दिसतात, साधी सोय आहे. पुढचा शाफ्ट आखूड झाल्यामुळे त्याचा उतार वाढला होता. सेंटर बेअरिंगखालची एक पट्टी बदलून तो जवळजवळ सरळ आणला, पण अगदी सरळ नाही. अंशभर कोन ठेवावाच लागतो, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागेवरच उभ्या राहतात आणि स्वतःचेच चर पाडतात. जुना क्रॉस काढला तेव्हा त्याच्या दोन पायांवर असे चर होते. नखाने लागत होते. तुम्ही गेल्या वर्षी म्हणायचात ना, गाडी हळू सोडली की खाली चिमणी बोलते? ती हीच. टीव्हीचा आवाज २० वर नेता, पण ही चिमणी तेवढी तुम्हाला ऐकू आली!

कापणं-जोडणं लेथवाल्याकडे केलं. नळी सरळ कापून, वेल्ड करून, फिरताना डगमगते का ते डायल लावून बघितलं. मग कोल्हापूरला उद्यमनगरात बॅलन्सिंग. मशीनवर फिरवून हलक्या बाजूला पत्र्याचे दोन छोटे तुकडे वेल्ड केलेत. आप्पा, गाडी बघायला याल तेव्हा हा काय कचरा म्हणून ते ठोकून काढू नका.

क्रॉस मी स्वतः भरले. ते काम पोरांना देत नाही. क्रॉसच्या पायावर बसते त्या वाटीत सुया उभ्या करायच्या, ग्रीसने चिकटवून ठेवायच्या आणि वाइसमध्ये हळूहळू दाबायचं, हातोडी न लावता. एका वाटीला तिला अडवून धरणारं लॉक बसेना. पोरगा म्हणाला, ठोकू का? वाटी परत काढली, तर एक सुई आडवी पडून तळाशी गेलेली. ठोकली असती तर लॉक कदाचित बसलंही असतं आणि १०० किलोमीटरवर क्रॉस गेला असता. मग चारही वाट्यांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारला. एक वाटी कोरडी राहिली तरी काम फुकट. बोल्ट हाय टेन्साइल घेतले, नट सगळे नवे, आणि टॉर्क पान्याने आवळले. पुढच्या शाफ्टखाली लोखंडी पट्ट्याचा फासही लावलाय. जॉइंट तुटलाच तर पुढचं टोक रस्त्यात रुतायला नको. भरल्या गाडीचा शाफ्ट असा रुतल्यावर काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, आणि आईसमोर तर नकोच.

ट्रायलला धाकटा चालवत होता, मी शेजारी. ४० ला शांत, ६० ला शांत. टॉपला इंजिन निवांत चालतं, डिझेल थोडं वाचेल. एकदा रिकामी असताना उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडला तेव्हा किंचित गुणगुण आली, ती हाऊसिंगची जुनीच आहे. त्यातल्या क्राऊन पिनियनच्या दात्यांना आत्ता हात लावत नाही, हंगाम झाल्यावर बघू.

खर्चाचं मी धाकट्याशी बोललोय, हंगामात तो थोडाथोडा देईल. सोयाबीनचे पैसे पाठवायची भाषा आप्पांनी परत काढू नये. ते आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेत, तिथेच राहू द्या.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे, आप्पा. या बॉक्सचा पहिला गिअर जुन्यापेक्षा खोल आहे. जुन्यात इंजिनचा जोर साधारण ७ पट होऊन शाफ्टवर यायचा, आता ९ पट येतो. शाफ्ट आणि क्रॉस मात्र त्याच साइजचे आहेत. धाकटा फडातून भरली गाडी काढताना पहिला टाकतो, रेस देतो आणि क्लच एकदम सोडतो. चाक रुतलेलं असताना असं केलं तर सगळा मार क्रॉसवर. मी सांगितलं की हसतो आणि "दादा, तू मेकॅनिक, मी ड्रायव्हर" म्हणतो. तुमच्यापुढे तो असं बोलणार नाही. शनिवारी घरी आला की त्याला सांगा, क्लच अर्धा धरून गाडी उचलायची आणि रुतलीच तर ट्रॅक्टर बोलवायचा. ५०० किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळायला गाडी इकडे आणायची आणि आठवड्याला ग्रीस मारायचं, हेही त्याच्याकडून वदवून घ्या.

तुम्ही केबिनमध्ये बसून कारखान्यापर्यंत जायचं म्हणताय ते जा. स्टेअरिंगला हात लावायचा नाही, मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत.

सून आणि पोरं बरी आहेत. पोरांना चाचणी परीक्षेत बरे मार्क पडलेत, फोनवर ती स्वतःच सांगतील.

तुमचा,
थोरला

ता. क. आई, कानाच्या मशीनचे सेल डब्यात ठेवलेत म्हणालीस, पण तो डबा आप्पांनी बिड्यांचा समजून माळ्यावर टाकला असेल. तिथे बघ. नसतील तर धाकट्याला सांग, शनिवारी येताना साताऱ्यातून घेऊन येईल.