सुरतेला काय चालत जाणार?

नौपाडा, ठाणे
सोमवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय सुलू,

फोनच करणार होते. पण फोनवर तू "ठेवते गं, कुकर झालाय" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं. म्हणून पत्र. गौरी-गणपती आटोपले, मखराचे पुठ्ठे अजून गॅलरीतच पडलेत, आणि काल रविवारी आम्ही सगळे लवाजम्यानिशी छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. हसू नकोस. मीही आधी हसलेच होते.

कल्पना सुधीरची नाही, त्याच्या मित्राची. पाटील भावोजींना या गाड्यांचं वेड आहे, हे मला गेल्याच वर्षी कळलं. इथेच नौपाड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये काही हौशी मंडळींनी मिळून दोन दिवस सगळं मांडलं होतं. भावोजी आणि स्मिता वाशीहून ट्रान्स हार्बरनं आले. आमच्याकडून सुधीर, मी, ओजस, नाना, आणि "मी कशाला, माझा क्लास आहे" म्हणत म्हणत रुचा. स्मिताचं आणि माझं आधीच ठरलं होतं, अर्धा तास माना डोलवायच्या आणि राम मारुती रोडला सटकायचं. चारला आत शिरलो. साडेसातला शाळेच्या शिपायानं एकेक दिवा मालवायला घेतला तेव्हा बाहेर पडलो. राम मारुती रोड राहिलाच.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि घामाच्या धारा. पंखे सगळे बंद. का, तर वाऱ्यानं झाडांचा पाला उडतो! मी मनात म्हटलं, माणसं वितळली तरी चालतील, पाला टिकला पाहिजे. टेबलाला टेबल जोडून पार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रूळ. डोंगर, बोगदे, पूल, रुळाकडेला धुणं वाळत घातलेल्या चाळी, फाटकाशी खोळंबलेली रिक्षा, आणि त्यातून गाड्या सरसरत चाललेल्या. पहिल्यांदा उभ्या उभ्या बघितलं तर मला खेळण्यापलीकडे काही दिसेना. मग ओजसनं ओढून खाली वाकवलं. डोळे रुळाच्या पातळीला आले आणि समोरच्या बोगद्यातून इंजिन बाहेर पडलं ना, मी चक्क मागे सरले. खरंच सांगते.

या मंडळींचा सगळा जीव प्रमाणात. बहुतेक गाड्या एकास सत्याऐंशी मापाच्या, त्याला ते एचओ म्हणतात. म्हणजे साडेपाच फुटी माणूस तिथे दोन सेंटिमीटरचाही भरत नाही. एकाच्या गाड्या त्याहून बारीक, एकास एकशेसाठ. दोन रुळांत जेमतेम नऊ मिलिमीटर अंतर, आणि त्याचा सगळा डोंगर एका जुन्या सुटकेसमध्ये! झाकण लावलं की गाव बंद.

नाना तर पहिल्या दहा मिनिटांतच तिथल्या मुलांचे गुरुजी झाले. ठाणेकर माणूस, आगगाडीचा विषय निघाल्यावर गप्प बसतोय थोडाच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, हे सगळं त्यांनी कुणी न विचारता म्हणून दाखवलं. आम्ही ते दर वर्षी सोळा एप्रिलला ऐकतो. पण कानामागे ब्रश खोचलेला एक दाढीवाला मुलगा तिथे होता, त्यानं मोबाइल काढून भागाकार केला आणि म्हणाला, "आजोबा, आमच्या मापात तुमचं बोरीबंदर ते ठाणे साधारण तीनशे नव्वद मीटर." नाना विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे ठाणे स्टेशनातून निघालं तर तलावपाळीच्या अलीकडेच मुक्काम?" तिथून दोघांची गट्टीच जमली. चार डब्यांची लोकल बघून नानांनी हरकत घेतली, तर तो म्हणे बारा डब्यांची केली तर तीन मीटरच्या आसपास जाते, वळणाला जागा कुठून आणू? नाना म्हणाले, "ठीक आहे, पण सकाळी साडेआठला ही ठाण्याला लावू नका, दंगल होईल."

मग नानांनी एक चूक काढली. हो, चूकच. आपल्या भारतीय रेल्वेच्या इंजिनाकडे बघून म्हणाले, हे अंगानं भरलेलं आणि पायानं किडकिडीत का दिसतंय? मुलगा ओशाळून हसला. बाजारात मिळणाऱ्या या मापाच्या रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर. ती युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून आलेली. आपला ब्रॉडगेज १६७६चा, म्हणजे खरं तर एकोणीसच्या वर पाहिजे. तेवढे रूळ करायचे तर सांधे, वळणं, चाकं, सगळं हातानं घडवावं लागतं. म्हणून वरचं अंग आपल्या रेल्वेचं आणि खालचे पाय परदेशी. सुधीर म्हणाला, मग हे रूळ आपल्या मेट्रोचे झाले की. ते मात्र बरोबर निघालं, अंधेरी-घाटकोपरची पहिली मेट्रो त्याच मापावर धावते.

तुझी आठवण कुठे आली सांगू? एका टेबलावर कोकण रेल्वेचा तुकडा होता. लाल माती, आंब्याची झाडं, कौलारू घर, आणि उंच खांबांवरचा पूल. तुमच्या रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल डोळ्यांसमोर ठेवून केलाय म्हणे. खरा ६४ मीटर उंच, म्हणजे मापानं केला तर टेबलावर पाऊण मीटरला जरासा कमी. लांबी तर पाच मीटरच्या घरात. यांनी तडजोड करून निम्माच केलाय. आणि तुमचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा? तो त्यांच्या मापात पंचाहत्तर मीटर होतो. सुरू शाळेच्या हॉलमध्ये झाला तर बाहेर पडेल शेजारच्या सोसायटीत.

आणि याच टेबलापाशी माझ्या हातून घात झाला. म्हणजे हातून नाही, पर्सच्या पट्ट्यानं. पुलाखालची नदी बघायला वाकले, वळले, आणि पट्ट्यात अडकून दोन आंबे, एक खांब आणि एक गाय दरीत. रुचा "आई!" अशी किंचाळली की अख्खा हॉल वळला. धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळीकडे "हात लावू नये"च्या पाट्या, ओजसला तीन वेळा मीच दटावलेलं, आणि तोडफोड केली कुणी तर आईनं. दाढीवाला मुलगा पळत आला. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर हा म्हणतो, "काकू, वेळ आहे ना? मग या इकडे, तुम्हीच लावून द्या."

काकू म्हणाला ते मी सोडून दिलं.

त्यानं मला स्टुलावर बसवलं, हातात चिमटा दिला आणि डबे उघडले. सुलू, त्या डब्यांत काय होतं ओळख. चहाचा चोथा! उकळलेला, कडकडीत वाळवलेला, चाळलेला. माती म्हणून तोच पसरतात. झाडाची खोडं विजेच्या तारा पिळून केलेली, आणि पाला म्हणजे रंगवलेला स्पंज मिक्सरमधून काढलेला. मी विचारलं, घरच्या मिक्सरमधून? तर तो पुटपुटला, "एकदाच. मग आईनं मला वेगळा घ्यायला लावला." रुळाखालची खडी आधी कोरडी पसरायची, ब्रशनं रुळाच्या मधून नीट बसवायची. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून फवारा मारायचा, आणि मग पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचं. लिक्विड नसलं तर फेविकॉलचा थेंब खडीवर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो, आत उतरतच नाही. मी मुद्दाम बिनलिक्विडचा एक टाकून बघितला. खरंच बसून राहिला. रात्रभर वाळलं की खडी दगडासारखी.

दोन्ही आंबे मी लावले. गाय उभी करायला वीस मिनिटं लागली, एका पायावर सारखी कलंडत होती. स्मिता राम मारुती रोड विसरून शेजारी चोथा चाळत बसली. आणि त्या ओल्या चोथ्याचा, फेविकॉलचा वास नाकात गेला आणि मला घंटाळीतली आपली चाळ आठवली.

आठवतोय तो किल्ला? मुलांनी आपल्याला त्यांच्या किल्ल्याला हात लावू दिला नाही म्हणून जिन्याखाली आपण दोघींनी केलेला. विटांवर गोणपाट, त्यावर गाळलेला चिखल, करवंटीची विहीर, कडेनं मोहरी आणि हळीव पेरलेले. आणि पायथ्याशी तुझी काडेपेट्यांची आगगाडी, दोऱ्यात ओवलेली, शर्टाच्या बटणांची चाकं. तुझा दादा कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, "महाराजांच्या वेळी आगगाडी कुठे होती गं?" आणि तू चिखलाचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "मग महाराज सुरतेला काय चालत जाणार?" वाड्यातल्या म्हाताऱ्या काकूंनासुद्धा हसू आवरेना.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो हसला, पण लगेच त्याच्या डोळ्यांत हिशोब आला. मावळा केवढा होता म्हणे? मी बोट दाखवलं. "सात सेंटिमीटर धरा. एकास सत्याऐंशीला वीस फुटी मावळा झाला, काकू." मी म्हटलं, बाबा रे, आमच्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसले की बुरुज त्यांच्या गुडघ्याला लागायचा, आणि गुहेतला वाघ गुहेहून मोठा म्हणून बाहेरच झोपायचा. तो म्हणाला, "मग प्रमाण काय होतं?" ज्याचा मान मोठा तो मोठा, हेच की. त्याला ते फार आवडलं असावं, ब्रश कानामागून काढून पुन्हा खोचला.

गाड्या एकाच रुळावर असून वेगवेगळ्या कशा चालतात, हे ओजसनं आज मला तीनदा समजावलंय. जुन्या पद्धतीत रुळात जेवढा वीजप्रवाह सोडाल तशा त्यावरच्या सगळ्या गाड्या पळतात. नव्यात रुळात वीज कायमच असते, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप, तिला आपला नंबर. हुकूम रुळातूनच जातो, ज्याच्या नंबराचा त्यानंच ऐकायचा. चाळीत पोस्टमन खालून नाव पुकारायचा आणि ज्याचं पत्र तोच जिन्यावरून धावायचा, तसंच. अशा एका इंजिनाची किंमत ऐकून सुधीर एकदम पाणी प्यायला गेला.

पण रिकाम्या हातानं आले नाही. कोपऱ्यात एक गृहस्थ जुनं सामान विकत होते. बारा वाकड्या तुकड्यांचं गोल, उभं-आडवं तीन फुटांचं, साधा रेग्युलेटर, आणि एक छोटंसं काळं वाफेचं इंजिन. चिप नाही, नंबर नाही, सोडलं की पळतं. यंदाची माझी दिवाळीची साडी त्यातच गेली असं समज. सुधीरला वाटलं मी ओजससाठी घेतलं. बोलले नाही काही. निघताना त्या मुलानं बजावलंय, रूळ तांबं-निकेल-जस्ताचे आहेत, पाण्यानं गंजत नाहीत, पण माती चाकांत गेली की वीज पोचत नाही आणि गाडी जागच्या जागी थांबते. म्हणून मोहरीवर पाणी मारताना रुळाच्या आतल्या बाजूला विटांची एक ओळ ठेवायची, आणि रोज रात्री रूळ कापडानं पुसायचे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून झालंय, मागच्या अंगणातला नळाजवळचा कोपरा आपला. विटा तिथेच आहेत. चोथा आजपासून वाळत घालतेय. सासूबाईंच्या फोटोसमोरच्या खिडकीत ताटं मांडलीत म्हणून नाना सकाळी कुरकुरले, मग स्वतःच ताट उन्हात सरकवून आले.

दोन दिवाळ्या तू "बघू" म्हणत घालवल्यास. यंदा चालणार नाही. तिकीट आजच बघ, कोकणकन्या मिळाली तर उत्तम. मावळे तुझ्याकडेच आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे, तुझ्या आईनं निळ्या बिस्किटांच्या डब्यात घातले होते. वीस फुटी असले तरी सगळे आण. वाघाचा कान तुटलेला होता, तो मी इथे लावून देईन, आता हात बसलाय. आणि काडेपेट्या जमवायला लाग. इंजिन आहे, पण डबे एकही नाहीत.

काकांना नमस्कार.

तुझी,
मंजू

ता. क. दादालाही बोलाव. पण किल्ल्याला हात लावायचा नाही म्हणावं.