हिवाळ्यातल्या धबधब्याकडे पण लक्ष द्या

मा. संपादक, नमस्कार.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी झाली की घाटात पोलीस असतात, बॅरिकेड असतात, पेपरात रोज बातमी असते. दिवाळी झाली की हे सगळं उठून जाते आणि लोकं तर डिसेंबर-जानेवारीतच धबधब्याच्या पार खाली उतरून राहिलेत, कारण पाणी कमी, वाट कोरडी, मग भीती कायची. मलाही तसंच वाटलं होतं.

मागच्या डिसेंबरात आम्ही घरचे सहा जण परतवाड्याहून निघालो आणि मेळघाटातल्या एका धबधब्यावर पायवाटेनं उतरलो. धार मनगटाएवढी उरली होती, कुंड इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्या. भाचा काठावरच्या काळ्या दगडावर उभा राह्यला, दगड दिसायला कोरडा ठण्ण, अन् एकदम पाय गेला, हात टेकला तो मनगटातूनच मोडला. मी मागून त्या दगडावर बोट फिरवून पाह्यलं तर बुळबुळीत, शेवाळाचा पातळ थर, काळ्यावर काळाच, दिसणार कसा? पाण्याला जोर असला की खडक घासून निघते, हिवाळ्यात नुसतं झिरपते आणि दरीत ऊन घटकाभरच येते, म्हणून ते वाळतच नाही.

मोबाईलला रेंज नव्हती. दुपट्ट्यात हात बांधून वर यायला दोन तास लागले, तेही गुरं घेऊन चाललेल्या एका कोरकू दादांनी पोराला धरून धरून आणलं म्हणून. ते म्हणे, चारच्या पुढे इथं थांबत जाऊ नका, अस्वल पाण्यावर येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळते, दरीत तर त्याच्या कितीतरी आधी अंधारून येते, आणि हे जंगल 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे हे फोटोच्या नादात आमच्यासारखे लोकं विसरतात.

धबधबे बंद करा असं मी म्हणत नाही, तसं केलं तर लोकं चोरवाटेनं जातील. उतरायच्या जागी शेवाळाचा न् वेळेचा बोर्ड लावा, निसरड्या टप्प्याला दोर बांधा, आणि शनिवार-रविवारी गावातल्या कोरकू पोरांना गाईड म्हणून ठेवा, माणशी पैसे घ्या, आम्ही आनंदानं देऊ. त्यांना एकेक दगड माहीत आहे.

नाताळच्या सुट्टीआधी एवढं झालं पाहिजे, भाचा आत्तापासूनच परत चला म्हणून मागं लागला आहे.

– एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती