स्लाईस घालवायला डावीकडे एम करून काय होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या खेळाच्या पानावर गोल्फची टीप वाचली, ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, म्हणजे काठीचा) बॉल उजवीकडे वळत असेल तर सरळ डावीकडे एम करा, म्हणजे नेम धरा म्हणे. अहो, याने तर स्लाईस (बॉलचं हे उजवीकडे वळणं) अजून वाढतो! उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब आधीच बाहेरून आत, म्हणजे डावीकडे कापत येत असतो आणि क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला असतो, त्या दोघांतल्या फरकामुळेच बॉल वळतो. आता तुम्ही उभेच डावीकडे तोंड करून राहिलात तर मार्ग अजून डावीकडे गेला, फेस मात्र हात आपोआप टार्गेटकडेच ठेवतात, मग फरक वाढणारच ना.

आधी ग्रिप (क्लबवरची हातांची पकड) बघा, बाकी सगळं नंतर. वरून खाली बघितल्यावर डाव्या हाताची दोन-तीन बोटांची पेरं (मुठीवरचे उंचवटे, नकल्स) दिसली पाहिजेत, एकच दिसत असेल तर फेस बंद करायला हातांना जागाच राहत नाही. ग्रिप बदलली की पहिले काही बॉल जोरात डावीकडे जातात आणि लोक घाबरून परत जुन्या ग्रिपवर येतात, तिथेच चुकतं, कारण बॉल डावीकडे गेला म्हणजे फेस बंद व्हायला लागला, ही तर चांगली बातमी आहे.

मग मार्ग. बॉलच्या पलीकडे, जरासं मागे म्हणजे उजव्या पायाच्या बाजूला, रिकामं हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरचं मऊ आवरण) ठेवायचं (वीट-बाटली नको, मनगट जाईल) आणि सेव्हन आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) अर्धाच स्विंग. क्लब वरून खाली येताना खांदे आधी फिरले की क्लब हेडकव्हरला लागतो, कोचने ओरडायची गरजच नाही. तरी जमत नसेल तर उजवा पाय पाऊलभर मागे घेऊन मारा, क्लबला आतून यायला वाट मिळते. बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) सुंदर दिसण्याच्या मागे मात्र लागू नका, अमेरिकन व्यावसायिक गोल्फर जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना भलतीकडेच जातो पण खाली येताना आत पडतो आणि त्याच स्विंगने त्याने 2016 मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) 58 चा राऊंड मारलाय, म्हणजे 18 होल 58 फटक्यांत.

आणि हो, वेजने (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबने) स्लाईस दिसत नाही म्हणून बरा झाला असं समजू नका, जास्त लॉफ्टमुळे (फेसच्या तिरकेपणामुळे) वळण लपतं, खरं काय ते ड्रायव्हरच सांगतो. तसा थोडासा उजवीकडे वळणारा बॉल म्हणजे काही गुन्हा नाही, अमेरिकन गोल्फर ब्रूस लिट्झके कायम फेडच (असा थोडासा उजवीकडे वळणारा फटका) मारायचा आणि पीजीए टूरवर 13 स्पर्धा जिंकला, फक्त बॉल किती वळणार हे त्याला मारायच्या आधी माहीत असायचं.

पुढच्या वेळी टीप छापाल तेव्हा निदान ग्रिपचा एक फोटो टाका, नुसतं वाचून ती पेरं मोजणं कठीण जातं.

आपला,
एक वाचक