वहिनींच्या रिपोर्टबद्दल

मँचेस्टर

ती. दादा,
सा. न. वि. वि.

वहिनींच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट वाचला. 'मेटास्टेसिस', म्हणजे कॅन्सर पसरलाय, हे पाहून तुम्ही सगळे हादरलात, पण त्याआधीचं 'मायक्रो' कुणी वाचलंच नाही. काखेतल्या तीन सेंटिनल गाठींपैकी (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या लसिका गाठी) एकीत 0.8 मिमीचा कॅन्सरचा ठिपका आहे. 0.2 ते 2 मिमीपर्यंत असेल तर मायक्रो. त्याहून लहान म्हणजे नुसत्या सुट्या पेशी, त्या धरतच नाहीत.

फ्रोझन तपासणीत 'निगेटिव्ह' आणि आठवड्याने 'पॉझिटिव्ह', यात कुणाची चूक नाही. घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठीच्या 2 मिमीच्या चकत्या करतात आणि ऑपरेशन चालू असताना गोठवून त्यातला एखाद-दुसरा पापुद्राच पाहतात. एवढासा ठिपका त्यात सहज निसटतो, नंतर मेणाच्या ठोकळ्यातून काढलेल्या कापांत सापडतो.

आता मुद्द्याचं. काख पुन्हा उघडून उरलेल्या गाठी काढायला घाईने होकार देऊ नकोस. आयबीसीएसजी 23-01 या स्तनाच्या कॅन्सरवरच्या उपचार-चाचणीत असाच ठिपका असलेल्या 931 बायका होत्या. दहा वर्षांनी, उरलेल्या गाठी न काढलेल्यांपैकी 76.8 टक्के आजारमुक्त होत्या, काढलेल्यांपैकी 74.9. म्हणजे फायदा शून्य, वर हात सुजण्याचा धोका, आणि ती सूज एकदा आली की पुरती जात नाही. यातल्या बहुतेकींचा स्तन वाचवलेला होता, वहिनींचाही तसाच आहे. ऑपरेशनआधी केमो झालेली असती तर मात्र मी असं लिहिलं नसतं. केमोनंतरही उरलेला ठिपका चिवट असतो, त्याचा हिशेब वेगळा.

रेडिएशन चुकवायचं नाही. साधारण 15 बैठका, तीन आठवडे. बार्शीहून रोज जाऊन-येऊन करण्यापेक्षा सोलापुरात खोली घ्या. कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणारा) आहे आणि पाळी गेलेली आहे, तेव्हा बहुधा इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, लेट्रोझोल 2.5 मिग्रॅ, रोज एक, निदान पाच वर्षं. त्याने हाडं विरळ होतात, म्हणून सुरू करण्याआधी डेक्सा स्कॅन (हाडांच्या घनतेची तपासणी) करून घ्या. सांधे दुखायला लागले की बायका गोळी गुपचूप बंद करतात. वहिनींनी तसं न करता डॉक्टरांना सांगावं, गोळी बदलता येते.

केमो लागेल का, हे त्या 0.8 मिमीवरून ठरत नाही. स्तनातल्या मूळ गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) आणि हर-टू (काही कॅन्सरमध्ये जास्त असणारं, त्याची वाढ वेगाने करणारं प्रथिन) पाहून ठरतं. तू पाठवलेल्या फोटोत नेमकी हर-टूची ओळ कापली गेलीय. दुसरं पान पुन्हा पाठव, सरळ धरून.

तुझी,
धाकटी