ड्राइव्ह काढला तरी ‘ग्रब’ मागे उरतो

महोदय,

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांना दारातूनच परत पाठवते. त्यामुळे ‘एक्स्टर्नल एसएसडीवर (बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर) लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, आतल्या विंडोजला धक्काही लागत नाही, नको झालं की केबल काढा’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. सल्ला चांगलाच आहे. पण धक्का लागू नये याची तजवीज आपल्यालाच करावी लागते, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही.

यूईएफआय (संगणक सुरू करणारं, मदरबोर्डमधलं नव्या पद्धतीचं फर्मवेअर) असलेल्या संगणकात बूटच्या, म्हणजे सुरू होण्याच्या, फाइल्स ‘ईएसपी’ नावाच्या छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) असतात. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या इन्स्टॉलरची जुनी खोड अशी, की बूटलोडरसाठी (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, इथे ‘ग्रब’) बाहेरची डिस्क निवडली तरी तो आपली फाइल आतल्या डिस्कच्या ईएसपीत नेऊन ठेवतो. मग केबल काढून संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोज उडालं असं वाटून लोक इथेच फॉरमॅट करायला धावतात. प्रत्यक्षात विंडोज जागच्या जागी असतं. बूट क्रमात ग्रब पहिला लागलेला असतो आणि त्याला हव्या असलेल्या पुढच्या फाइल्स काढून ठेवलेल्या ड्राइव्हवर असतात. बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणला की काम होतं.

हे टाळायचं तर इन्स्टॉल करण्यापूर्वी आतली डिस्क सोडवून ठेवावी किंवा बायोसमधून बंद करावी. लॅपटॉप उघडणं शक्य नसेल तर लाइव्ह सत्रात (पेन ड्राइव्हवरून, काही न बसवता चालणाऱ्या लिनक्समध्ये) जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन उघडून आतल्या ईएसपीचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे फ्लॅग (खुणा) काढावेत आणि काम झाल्यावर न विसरता परत लावावेत. बाहेरच्या ड्राइव्हवर जीपीटी पद्धतीचा पार्टिशन तक्ता, ५१२ एमबीचं स्वतंत्र ईएसपी आणि उरलेल्या जागेत लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम एवढं पुरतं. दुसऱ्या संगणकावरही तो चालायला हवा असेल तर ग्रब बसवताना ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यावा. अनोळखी ड्राइव्हवर फर्मवेअर एकाच ठरलेल्या जागी बघतं, ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये. हा पर्याय दिला की ग्रबची फाइल तिथे जाते.

बूट क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त सही केलेला बूटलोडर चालू देणारी सोय) यांना हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते पाहावं. बऱ्याच लॅपटॉपवर तो मालकाच्या नकळत चालू असतो आणि बदल दिसताच ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधी उतरवून घ्यावी, कागदावर. त्याच लॅपटॉपमध्ये जपलेली की त्या वेळी काय कामाची? विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावं. नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही.

पेन ड्राइव्ह फक्त इन्स्टॉलरपुरता ठीक. रोजच्या वापरात सिस्टिम सतत बारीकसारीक फाइल्स लिहीत असते. तिथे तो रखडतो, तापतो आणि लवकर झिजतो. एसएसडीच घ्यावी, ती यूएसबी ३ पोर्टलाच लावावी (यूएसबी २चा वेग ४८० मेगाबिटवरच अडतो) आणि केबल आखूड, घट्ट बसणारी असावी. चालू असताना क्षणभर जरी संपर्क तुटला तरी रूट फाइल सिस्टिमच (जिच्यावर लिनक्स चालतं ती) हातची जाते. काही यंत्रं स्लीपमध्ये यूएसबीचा वीजपुरवठा तोडतात, परिणाम तोच. म्हणून झाकण मिटण्यापेक्षा शटडाउन बरं.

परत विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ चुकलेलं दिसलं तर मदरबोर्डचा सेल बदलू नये. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानतं, विंडोज स्थानिक. लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की झालं.

सगळं बसवल्यावर दोनदा तपासून घ्यावं. ड्राइव्ह काढून संगणक सुरू करावा, थेट विंडोज यायला हवं. मग तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून बूट मेन्यू उघडावा (कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप). यादीत त्याचं नाव दिसायला हवं. यांतलं एक जरी झालं नाही, तरी विंडोजमध्ये काही पुसण्याआधी ग्रब कुठे बसला आहे ते शोधावं.

– एक वाचक