मेसवाल्या काकू, तुमचे आभार मानायचे राहिलेच होते

काकू,

तुम्ही हे वाचणार नाही माहितीये, कोणीतरी मेसमधलं पोरगं वाचून दाखवेल म्हणून लिहितोय.

एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा माझी अडीच मार्कांनी गेली ते वर्ष. चुकीच्या उत्तराला पाव भाग कापतात, म्हणजे दोन मार्कांच्या प्रश्नाला अर्धा, म्हणजे मी ठोकलेल्यातले पाच प्रश्न सोडून दिले असते तरी निघाली असती, आणि हे गणित मी दिवसातून पन्नास वेळा करायचो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, अभ्यासिका बंद केली, घरचे फोन उचलत नव्हतो आणि मेसला यायचं पण बंद केलं कारण तिथं सगळे 'स्कोर किती' विचारणार. बिस्किटांवर काढले ते दिवस.

सहाव्या दिवशी तुम्ही स्वतः दोन जिने चढून डबा घेऊन आलात. गुडघे धरून दारात उभ्या आणि पहिलं वाक्य काय, तर "सहा खाडे झाले तुझे, वहीत लिहून ठेवलेत." मी रडायला लागलो, म्हटलं काकू मी कशाच्याच लायकीचा नाही. तुम्ही म्हणालात, "खाडा त्या दिवसाचा धरतात रे, माणसाचा नाही धरत."

तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही, खरं सांगतो. आमटी मात्र संपवली.

नंतर तुम्ही मला महिनाअखेरचा हिशोब करायला बसवलंत. मला वाटलं दया दाखवताय, पण पहिल्याच दिवशी "बेरीज चुकलीये, परत कर" म्हणालात आणि हसलात. बाकी सगळे तेव्हा 'तू हुशार आहेस रे, होईल' म्हणायचे आणि ते ऐकून मला अजून खोटं खोटं वाटायचं. तुम्ही चूक दाखवली आणि वही परत माझ्याच हातात दिली. त्याने मी सावरलो.

पुढे एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांनी आत्मसन्मान मोजायची रोझेनबर्ग यांची 1965 सालची दहा वाक्यांची प्रश्नावली भरून घेतली, तीसपैकी माझे अकरा! (इथेही नापासच, म्हटलं.) मग त्यांनी अल्बर्ट एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र समजावलं, 1955 पासूनचं आहे म्हणे, की आपल्या कामाला, वागण्याला मार्क द्या, चूक असेल तर चूक म्हणा, पण अख्ख्या माणसाला मार्क देऊ नका, तसं माप नसतंच. मी मॅडमना म्हटलं, हे आमच्या मेसच्या वहीत आहे.

तेव्हापासून दोनच गोष्टी पाळतो. लग्नाकार्यात कोणी विचारलं की सरळ "नाही झालं" म्हणतो, कारणं देत बसत नाही. आणि निकालाच्या दिवशी अभिनंदनाचे फ्लेक्स मोबाईलवर बघत नाही, दुसऱ्या दिवशी बघतो. जमतंच असं नाही, मागच्या महिन्यात चुलतभावाची पोस्टिंग झाली तेव्हा रात्रभर जागाच होतो.

आता नगरला एका सीएंकडे अकाउंट्सचं काम करतो, बेरीज दोनदा तपासतो.

काकू, मेस सोडताना घाईत माझे चार खाडे वळते करायचे राहिले होते, वहीत असतील. पैसे नकोत. येत्या रविवारी सकाळी येतोय, संध्याकाळी तुमची सुट्टी असते ते लक्षात आहे. मटकीची उसळ असली तर बघा.